एकच डोस, जावेला चौदा अंडी आणि मला तीन

घणसोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ३१, लग्नाला सहा वर्षं झाली. एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) २.६ आहे आणि पहिल्या सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत मिळून १३ लहान फॉलिकल, म्हणजे अंडं जिच्यात वाढतं त्या पिशव्या, दिसली होती. आयव्हीएफसाठी २२५ युनिटची इंजेक्शनं ११ दिवस घेतली, पण पिकअपला, म्हणजे सुईने अंडी बाहेर काढताना, तीनच अंडी मिळाली. त्यातली दोन पक्व होती, एकच गर्भ तयार झाला आणि तो रुजला नाही. वर्षभरापूर्वी त्यांच्या जावेला ३३व्या वर्षी तेवढ्याच डोसवर १४ अंडी मिळाली होती. ताईंचं वजन ७४ किलो, जावेचं ५२. आता त्यांना एक जनुकीय पॅनल, म्हणजे अनेक जनुकं एकदम तपासणारी चाचणी, करून घ्यायला सांगितलं आहे, खर्च पाच आकडी. घरात 'हिच्यातच काहीतरी खोट आहे' असं बोलून झालंय. त्यांना विचारायचंय ते एवढंच: हे जनुकांमुळे झालं का, आणि ही चाचणी करू का?

ताई, गेली बावीस वर्षं मी ठाण्यात वंध्यत्वावरचे उपचार करते आहे. पिकअपनंतर भूल उतरता उतरता 'किती आली?' असं विचारणारी बाई मला जवळजवळ रोज भेटते. आकडा कमी असला तर तो आमच्या तोंडून निघायच्या आत तिला कळलेला असतो. म्हणून तुमच्या प्रश्नांच्या आधी एक गोष्ट लिहिते. तुमच्यात खोट नाही. धीर द्यायचा म्हणून मी हे म्हणत नाही. त्याचं कारण पुढे येईल, आणि ते घरात मोठ्याने वाचून दाखवलंत तरी चालेल.

आधी जावेशी केलेल्या तुलनेबद्दल. जाऊ तुमच्या रक्ताची नाही. दोघी एका घरात नांदत असाल, एका ओट्यावर स्वयंपाक करत असाल, पण अंडाशयाची घडण दोघींना आपापल्या माहेरून आलेली आहे. शिवाय तुमच्या दोघींच्या वजनात २२ किलोंचा फरक आहे. इंजेक्शनमधलं औषध साऱ्या शरीरात पसरतं, त्यामुळे ७४ किलोंच्या बाईच्या रक्तात तेवढ्याच युनिटमधून औषधाची पातळी कमी चढते. म्हणजे कागदावर डोस एक असला तरी अंडाशयापर्यंत पोचलेला डोस एक नव्हता. जनुकांकडे वळायच्या आधीच फरकाचं एक सरळ कारण इथे सापडतं.

आता जनुकांकडे येऊ. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिथून एफएसएच नावाचं संप्रेरक रक्तात येतं आणि अंडाशयातल्या फॉलिकलना वाढायला सांगतं. तुम्ही घेतलेलं इंजेक्शन म्हणजे हेच एफएसएच, फक्त जास्त प्रमाणात. पण औषध रक्तात असून भागत नाही. फॉलिकलच्या आतल्या पेशींवर त्याला चिकटायला जागा लागते, तिला रिसेप्टर म्हणतात. एफएसएच रिसेप्टरवर बसलं की पेशीच्या आत निरोप जातो, इस्ट्रॅडिओल हे संप्रेरक तयार व्हायला लागतं आणि फॉलिकल वाढतं. प्रत्येक फॉलिकलला जागं व्हायला एफएसएचची ठरावीक पातळी लागते. नेहमीच्या पाळीत ती पातळी थोडाच वेळ गाठली जाते, म्हणून एकच फॉलिकल पुढे जातं. इंजेक्शनांनी आम्ही ती पातळी काही दिवस वर धरून ठेवतो, म्हणून अनेक फॉलिकल वाढतात.

एएमएच आणि सोनोग्राफीतली मोजणी यावरून फॉलिकल किती आहेत याचा अंदाज येतो. ती औषधाला किती चटकन दाद देतील हे त्यावरून कळत नाही. तुमच्या अंडाशयात साठा बरा आहे आणि तरी अंडी तीनच मिळाली. अशा बायकांचा वेगळा गट धरायला हवा, हे २०१६ मध्ये आलेल्या, कमी अंडी मिळणाऱ्या बायकांच्या पोसायडन वर्गीकरणाने ठळकपणे मांडलं. पस्तिशीच्या आतलं वय, एएमएच १.२ किंवा जास्त, आणि तरी चारपेक्षा कमी अंडी, हा त्यातला पहिलाच गट. जनुकांचा प्रश्न सर्वांत जास्त अर्थपूर्ण ठरतो तो याच गटात. ज्या बाईचा साठाच संपत आलाय तिला अंडी कमी का मिळाली हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एफएसएचचा रिसेप्टर बनवणारं जनुक, एफएसएचआर, दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. ते ६९५ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या दुव्यांची, साखळी विणतं. त्या साखळीत ६८० क्रमांकाच्या जागी काही जणींमध्ये अ‍ॅस्परॅजिन असतं, तर काहींमध्ये सेरीन. आई आणि वडील दोघांकडून एकेक प्रत येत असल्यामुळे तीन प्रकार होतात: दोन्ही अ‍ॅस्परॅजिन, दोन्ही सेरीन, किंवा एकेक. तिन्ही प्रकारच्या बायका तुम्हाला ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात शेजारी शेजारी बसलेल्या सापडतील. तिन्हींना पाळी येते, तिन्हींना मुलं होतात. रक्तगट जसे वेगवेगळे असतात तसंच हे आहे. कोणी 'बी पॉझिटिव्ह' आहे म्हणून आपण तिला सदोष म्हणत नाही.

फरक दिसतो तो बाहेरून औषध दिल्यावर. दोन्ही प्रती सेरीनच्या असतील तर रिसेप्टर एफएसएचला थोडी मंद दाद देतो. या बायकांचं पाळीच्या सुरुवातीचं एफएसएच किंचित वर असतं, कारण पिट्युटरीला तेच काम करून घ्यायला जरा जास्त जोर लावावा लागतो. २००० साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की आयव्हीएफमध्ये या बायकांना जास्त एफएसएच द्यावं लागतं. २००५ मध्ये त्याच गटाचा पुढचा प्रयोग आला. सेरीन-सेरीन बायकांना १५० युनिट दिली तेव्हा इस्ट्रॅडिओल कमी चढलं. २२५ दिल्यावर ते अ‍ॅस्परॅजिनवाल्या बायकांच्या बरोबरीला आलं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण अडलेलं काम डोस वाढवून पुढे नेता येतं हे त्यात स्वच्छ दिसतं.

बहिणींचं उदाहरण घेते, कारण ओपीडीत मी कागदावर हेच काढून दाखवते. आई आणि वडील दोघांकडे एक प्रत अ‍ॅस्परॅजिनची, एक सेरीनची. त्यांच्या थोरल्या मुलीला दोघांकडून अ‍ॅस्परॅजिन आलं आणि धाकटीला दोघांकडून सेरीन. प्रत्येक मुलीच्या बाबतीत याची शक्यता चारात एक. घर एक, जेवण एक, वयात दोन वर्षांचं अंतर, आणि तरी एकीला १५० पुरेल तर दुसरीला २२५ लागेल. जन्माच्या वेळी कुठली प्रत वाट्याला आली, एवढाच हा प्रश्न. यात कोणी काय खाल्लं, कधी लग्न केलं, नोकरी केली की नाही, याचा काडीचा संबंध नाही.

इथवर वाचून 'मग चाचणी करून टाकू' असं वाटेल. थांबा. जर्मनीतल्या त्या कामानंतर अनेक देशांत हजारो बायकांवर हाच अभ्यास झाला. काही ठिकाणी फरक दिसला, काही ठिकाणी दिसला नाही. सगळं एकत्र करून पाहिलं तर दोन टोकांच्या प्रकारांमध्ये सरासरीने एखाद्या अंड्याइतका फरक उरतो. एखादं अंडं! चौदा आणि तीन यांच्यातली दरी या एका जागेने भरत नाही. वय, साठा, वजन, औषधाचा प्रकार आणि अशा अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा मिळून तुमचा आकडा ठरतो.

याच जनुकाची दुसरी एक जागा आपल्यासाठी जास्त जवळची आहे, कारण तिच्यावरचं काम मुंबईत झालं. परळला केईएमच्या शेजारी राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. १९८६ साली केईएममध्ये मुंबईतलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं तेव्हा याच संस्थेचे शास्त्रज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजांच्या बरोबर होते. तिथल्या संशोधकांनी २००९च्या सुमारास भारतीय बायकांमध्ये एफएसएचआर जनुकाच्या सुरुवातीच्या अलीकडची, उणे २९ क्रमांकाची जागा तपासली. रिसेप्टर कसा बनवायचा हे जनुकात लिहिलेलं असतं, तर किती बनवायचे हे ठरवण्यात या अलीकडच्या भागाचा हात असतो. तिथे एका अक्षराच्या बदलाचा औषधाला कमी दाद मिळण्याशी संबंध दिसला. परदेशी लॅबच्या पॅनलमधले बरेचसे निष्कर्ष युरोपातल्या किंवा चीनमधल्या बायकांवरून आलेले असतात, आणि तिथे ज्या बदलाला महत्त्व आहे तो आपल्याकडे तेवढाच महत्त्वाचा असेल असं धरून चालता येत नाही. २०१४ मध्ये भारतीय आणि स्पॅनिश बायकांच्या अंडाशयाच्या साठ्याची तुलना झाली. त्यात भारतीय बायकांचा साठा सुमारे सहा वर्षं पुढे गेल्यासारखा दिसला. त्यातलं जनुकांचं किती आणि राहणीमानाचं किती हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही, पण तिशीतल्या बाईला 'अजून वय आहे, बघू' असं सांगताना मी तेव्हापासून दोनदा विचार करते.

एफएसएचखेरीज एलएच या संप्रेरकातही असे बदल असतात. त्याच्या एका नमुन्यात दोन अमिनो आम्लं बदललेली असतात आणि असं एलएच रक्तातून लवकर नाहीसं होतं. अशा बायकांना एफएसएच जास्त लागतं असं काही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून कमी दाद देणाऱ्या बाईला आम्ही कधी कधी एफएसएचच्या जोडीला एलएच असलेलं इंजेक्शन, उदाहरणार्थ एचएमजी, देऊन बघतो. त्याने प्रत्येकीला फायदा होतो असं मी म्हणणार नाही.

अंडं तयार व्हावं म्हणून देतात त्या गोळ्यांचंही तसंच. क्लोमिफेन यकृतात गेल्यावरच पूर्ण प्रभावी रूपात येतं, आणि ते काम सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम करतं. काही जणींमध्ये ते जन्मतःच मंद असतं. पण त्यासाठी कोणी चाचणी करत बसत नाही. एका डोसवर अंडं तयार झालं नाही तर डोस वाढवतो किंवा लेट्रोझोल देतो. पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये लेट्रोझोलवर बाळ जन्माला येण्याचं प्रमाण २०१४च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत २७.५ टक्के होतं, क्लोमिफेनवर १९.१. आपल्याकडे २०११ ते २०१७ या काळात वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरायला बंदी होती, म्हणून जुन्या फायलींमध्ये ते दिसत नाही.

आता तुमच्या केसकडे वळते. तुम्ही जे कळवलंय त्यात माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कागद नाहीये, तो म्हणजे फॉलिकल चार्ट. इंजेक्शनं चालू असताना दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी झाली असेल, तेव्हा प्रत्येक फॉलिकलचं माप मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. सेंटरकडे मागा, तो तुमचा हक्काचा कागद आहे.

तो का हवा ते सांगते. समजा सहाव्या दिवशी सगळी फॉलिकल सात-आठ मिलिमीटरची आहेत, नवव्या दिवशी चारच जण बारा-तेराला पोचलेत, बाकीची नऊ जण जागच्या जागी आहेत, आणि ट्रिगरच्या, म्हणजे अंडी पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनच्या, दिवशीही मोठी फॉलिकल चारच आहेत. मग चारांतून तीन अंडी आली म्हणजे पिकअप उत्तम झाला. अडचण औषधाला दाद न मिळण्यात आहे, आणि रिसेप्टरचा विचार इथे करायचा. पण समजा ट्रिगरच्या दिवशी सोळा मिलिमीटरच्या पुढची फॉलिकल अकरा होती, इस्ट्रॅडिओलही छान चढलं होतं, आणि तरी अंडी तीनच आली. ही अगदी वेगळी गोष्ट झाली. तुमचं अंडाशय औषधाला उत्तम दाद देत होतं. गडबड ट्रिगरमध्ये आहे किंवा अंडी बाहेर काढण्यात. ट्रिगर पिकअपच्या ३४ ते ३६ तास आधी घ्यावा लागतो. रात्री साडेदहाऐवजी सकाळी साडेदहाला घेतलेला ट्रिगर मी पाहिलाय, फक्त मेसेजमध्ये 'रात्री' लिहायचं राहिलं म्हणून. अंडाशय आतड्यांच्या मागे चिकटलेलं असेल, आधी चॉकलेट सिस्टचं, म्हणजे अंडाशयातल्या जुन्या रक्ताच्या गाठीचं, ऑपरेशन झालं असेल, तर सुई सगळीकडे पोचतही नाही. या दोन प्रकारांना एकच नाव देऊन 'पुअर रिस्पॉन्स, जनुकीय चाचणी करा' असं सांगणं मला पटत नाही.

पहिल्या प्रकारातसुद्धा मी आधी औषधाची विचारपूस करते. कोपरखैरण्याची एक बाई माझ्याकडे आली होती, साठा चांगला, दाद जवळजवळ शून्य. तिला म्हटलं, पेन घेऊन या आणि घरी कसं घेता ते दाखवा. तिने टिफिनच्या पिशवीत बर्फाच्या पाकिटाला चिकटवून पेन आणलं होतं. घरी ते फ्रीजच्या अगदी वरच्या कप्प्यात, फ्रीझरला टेकून ठेवायची, म्हणजे 'जास्त थंड राहील'. एफएसएच दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं, पण ते गोठता कामा नये. गोठलं की त्यातलं प्रथिन बिघडतं आणि बाहेरून पाहून काहीच कळत नाही. इंजेक्शन घेताना ती बटण दाबून लगेच सुई बाहेर काढत होती, सुईच्या टोकाला थेंब लटकत होता. दाबून धरून सावकाश दहापर्यंत मोजायचं असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या सायकलला, म्हणजे उपचाराच्या पुढच्या फेरीला, मी डोस तोच ठेवला आणि नर्सकडून रोज टोचून घेतलं. नऊ अंडी आली. तिचं जनुकीय पॅनल मात्र आधीच झालेलं होतं, आणि त्यात लाल रंगात तीन जनुकं दाखवली होती. अशी लाल जनुकं कुणाच्याही अहवालात दाखवता येतात, कारण असे बदल आपल्या सगळ्यांमध्ये असतात.

या लाल-हिरव्या अहवालांबद्दल मला मनापासून काळजी वाटते. त्यात एमटीएचएफआर हे जनुक हमखास असतं. त्यातला बदल इतका सर्रास आढळतो की त्याला आजार म्हणणं चूक आहे. अमेरिकेतल्या मेडिकल जेनेटिक्सच्या संस्थेने २०१३ मध्येच सांगितलंय की रक्त गोठण्याच्या किंवा वारंवार गर्भपाताच्या तपासणीत ही चाचणी मागवू नये. आणि तरी तो कागद हातात घेऊन रडत आलेल्या मुली मी पाहते. त्यांना लागते ती फोलिक अ‍ॅसिडची गोळी, जी त्यांना तशीही मिळणारच असते. दुसरं म्हणजे असा अहवाल घरात गेला की तो निकालपत्रासारखा वाचला जातो. तुमच्या घरात 'खोट' हा शब्द आधीच बोलला गेलाय. त्यात 'सेरीन-सेरीन' असा छापील कागद आला तर त्याचा अर्थ कोण काय लावेल याचा विचार करा. अहवाल तुमचा आहे. तो कोणाला दाखवायचा हे तुम्हीच ठरवायचं.

म्हणून चाचणीचं सरळ उत्तर: तुमच्या पुढच्या सायकलचा डोस ठरवायला या पॅनलची गरज नाही. त्यात सेरीन-सेरीन आलं तर आम्ही काय करू? डोस थोडा वाढवू, कदाचित एलएच जोडू. आणि नाही आलं तर? तुमची पहिली सायकल बघून तेच करू. त्या अकरा दिवसांत तुमच्या अंडाशयाने साऱ्या जनुकांचा मिळून जो जबाब दिला, तो कुठल्याही लॅबच्या कागदापेक्षा जास्त खरा आहे. अंडाशयाच्या उत्तेजनाबाबत युरोपातल्या तज्ज्ञ संस्थेने दिलेल्या सूचनाही प्रतिसादाचा अंदाज एएमएच आणि सोनोग्राफीवरच बांधायला सांगतात. मात्र डोस वाढवण्यालाही मर्यादा आहे. ३०० युनिटच्या पुढे गेल्याने फारसा फायदा होत नाही, फक्त बिल वाढतं. साठा कमी असलेल्या बाईला तर डोस वाढवूनही अंडी वाढत नाहीत, कारण जागं करायला फॉलिकलच नसतात. तुमचा साठा आहे, म्हणून तुमच्या बाबतीत २२५ वरून ३०० वर जाण्यात, चार्ट तसं सांगत असेल तर, अर्थ आहे.

काही जनुकीय तपासण्यांसाठी मात्र मीच आग्रह धरते, आणि नेमक्या त्याच राहून जातात.

पहिली एफएमआर१. या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. ५५ ते २०० वेळा आला तर त्या बाईला प्रीम्युटेशन आहे असं म्हणतात. अशा पाचांतल्या साधारण एका बाईचं अंडाशय चाळिशीच्या आत थकतं. पण याहून मोठी गोष्ट पुढच्या पिढीची आहे. हा तुकडा आईकडून मुलाकडे जाताना लांबू शकतो, आणि २००च्या पुढे गेला तर बाळाला फ्रॅजाइल एक्स होऊ शकतो, ज्यात बौद्धिक वाढ अडते. एएमएच तरुण वयातच फार खाली आलेल्या बाईला ही तपासणी न करता आयव्हीएफला नेणं मला योग्य वाटत नाही. तिच्यात कॅरिओटाइपही, म्हणजे गुणसूत्रांची तपासणीही, बघावा, कारण काही पेशींमध्ये एक एक्स गुणसूत्र नसणं, म्हणजे मोझेक टर्नर, असंच गुपचूप राहतं. तुमचं एएमएच चांगलं आहे, त्यामुळे यातलं काही मी लगेच सांगणार नाही. घरातला इतिहास काही वेगळं सांगत असेल तर सांगेन.

दुसरा प्रसंग लॅबमध्ये कळतो. पिकअपनंतर अंड्याभोवतीच्या पेशी काढून मायक्रोस्कोपखाली पाहतात. पक्व अंड्याच्या कडेला एक छोटा गोल, पोलर बॉडी, दिसतो. काही जणींची दहा-बारा अंडी येतात आणि एकातही तो नसतो. एकदा झालं तर ट्रिगरची चूक असू शकते. दोन-तीन सायकलींत तेच झालं, ट्रिगर बदलूनही, तर अंड्याच्या आतच वाढ अडते आहे असं धरावं लागतं. टीयूबीबी८ या जनुकातल्या बदलामुळे असं होतं, हे २०१६ मध्ये समोर आलं. झेडपी१मधल्या बदलाने अंड्याभोवतीचं कवचच तयार होत नाही, हे २०१४ मध्ये. कधी आई-वडिलांचं लग्न नात्यातलं असतं, आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहेच, आणि दोघांकडून तोच दुर्मिळ बदल मुलीला येतो. इथे एक्झोम तपासणी, म्हणजे सगळ्या जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग वाचणारी चाचणी, केली पाहिजे, कारण इथे उत्तर मिळालं तर निर्णय बदलतो. सहाव्या सायकलसाठी दागिने गहाण टाकण्याऐवजी ते जोडपं दात्या अंड्याचा विचार करू शकतं. २०२१च्या एआरटी कायद्याप्रमाणे दाती २३ ते ३५ वयाची असते आणि आयुष्यात एकदाच अंडी देऊ शकते. हा निर्णय जड आहे, पण तो तिशीत घेणं आणि पाच सायकली हरून चाळिशीत घेणं यात फार अंतर आहे.

तुमची तीनपैकी दोन अंडी पक्व होती आणि एक गर्भ तयार झाला. म्हणजे तुमच्याकडे ही अडचण नाही. हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?

आणखी एक गल्लत दूर करते. गर्भाची जनुकीय तपासणी, जिला पीजीटी म्हणतात, ती वेगळी. ती गर्भाच्या काही पेशींवर होते आणि औषधाला तुमची दाद कशी आहे याच्याशी तिचा संबंध नाही. एक-दोन गर्भ असताना तिच्यावर खर्च करण्याआधी नीट विचारून घ्या. आणि त्या तपासणीतून मुलगा की मुलगी हे सांगणं १९९४च्या पीसीपीएनडीटी कायद्याने गुन्हा आहे, कोणी सुचवलं तरी तिथून उठून या.

आता पुढे काय. फॉलिकल चार्ट, इस्ट्रॅडिओलचे आकडे, ट्रिगरचं नाव आणि वेळ, एम्ब्रियॉलॉजीचा (अंडी आणि गर्भाचा लॅबमधला) अहवाल, हे चार कागद घेऊन डॉक्टरांशी बोला. वजन चार-पाच किलो उतरलं तर औषधाला मदतच होईल, पण त्यासाठी सहा महिने थांबू नका. पहिलं इंजेक्शन नर्ससमोर स्वतः घेऊन दाखवा.

आणि आज संध्याकाळी आईला फोन करा. तिची पाळी कितव्या वर्षी गेली ते विचारा. मावशीची आणि आत्याची कधी गेली, त्यांच्यापैकी कोणाची चाळिशीच्या आत थांबली का. आजोळी किंवा वडिलांकडे एखादा मामा, भाऊ, भाचा शिकण्यात फार मागे राहिला का, ज्याच्याबद्दल घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. आजोबांचे हात उतारवयात थरथरायचे का, चालताना तोल जायचा का, कारण यामागेही एफएमआर१ असू शकतं. आई-बाबांचं लग्न नात्यातलं होतं का. जे कळेल ते वयासकट एका कागदावर लिहा आणि त्या चार कागदांच्या वर ठेवा. या फोनला पैसे पडत नाहीत, आणि कुठली जनुकीय तपासणी तुम्हाला खरोखर हवी आहे हे त्या कागदावरून ठरेल.